चार आठवड्यांत जेनेटिक काउन्सेलर? तो नियम पूर्ण वाचा

शनिवारी रात्री साडेअकराला नणंदेच्या मुलीचा मेसेज आला. "मामी, हे खरं आहे का? बारापर्यंत पैसे भरले तर फी निम्मी." खाली तोच फॉरवर्ड, जो गेला महिनाभर मी तीन ग्रुपांवर बघून न बघितल्यासारखं करत होते. आता घरातच शिरला म्हटल्यावर लिहायला बसले.

फॉरवर्डचं म्हणणं असं: बीएस्सी झालेल्या कुणालाही तीन महिन्यांच्या ऑनलाइन कोर्सवर जेनेटिक काउन्सेलर, म्हणजे आनुवंशिक आजार आणि त्यांच्या तपासण्यांचे रिपोर्ट कुटुंबांना समजावणारा सल्लागार, होता येतं. एमएस्सीत दोन वर्षं घालवू नका, क्षेत्र नवीन आहे, आणि 'भारत सरकारच्या कायद्याप्रमाणे चार आठवड्यांचं प्रशिक्षण पुरेसं आहे'. रिपोर्ट सॉफ्टवेअर वाचतं, आपण फक्त समजावायचा. याच सर्टिफिकेटवर अमेरिकेत नोकरी, नाहीतर घरबसल्या महिना दीड लाख.

पगाराचं आधी उरकते. मी नागपुरात नऊ वर्षं हेच काम करतेय. घरबसल्या दीड लाख मिळत असते तर मे महिन्यात ओपीडीला कोण आलं असतं?

क्षेत्र नवीन म्हणे! न्यूयॉर्कजवळच्या सारा लॉरेन्स कॉलेजात याचा पहिला पदव्युत्तर अभ्यासक्रम 1969 साली सुरू झाला. आज अमेरिकेत प्रमाणपत्राच्या परीक्षेला बसायचं तर तिथल्या मान्यताप्राप्त अभ्यासक्रमातली मास्टर्सच लागते, आणि शिकतानाच किमान 50 केसेसमध्ये स्वतः भाग घेतल्याची नोंद दाखवावी लागते. ब्रिटनमध्ये एनएचएसच्या, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, वाटेने गेलात तर प्रशिक्षणच तीन वर्षं. आपली इथली रीतसर एमएस्सीसुद्धा तिथे जशीच्या तशी चालत नाही, मग झूमवरचं सर्टिफिकेट कोण विचारतो?

आता तो 'कायदा'. इथे माझं डोकं खरं फिरलं, कारण हे धडधडीत खोटं नाही, अर्धं कापलेलं खरं आहे. पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा, 1994 चा, त्याचे नियम 1996 चे. त्यातल्या नियम 3 मध्ये 'चार आठवडे' हे शब्द आहेत. पण ते कुणासाठी? जेनेटिक काउन्सेलिंग सेंटरची नोंदणी करायची तर तिथे मेडिकल जेनेटिसिस्ट, म्हणजे आनुवंशिक आजारांचा तज्ज्ञ, हवा. तो नसेल तर असा स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा बालरोगतज्ज्ञ हवा, ज्याला या कामाचा सहा महिन्यांचा अनुभव किंवा चार आठवड्यांचं प्रशिक्षण आहे. म्हणजे साडेपाच वर्षं एमबीबीएस, त्यावर पदव्युत्तर शिक्षण, आणि त्यावर हे चार आठवडे. फॉरवर्डवाल्याने खालचं सगळं काढून टाकलं. पुरणपोळीवर चार चमचे तूप घ्या असं कुणी सांगितलं, तर नुसतं तूप पानात वाढून जेवायला बसवायचं, त्यातला प्रकार.

आणि ज्या कायद्याचा दाखला देताय, तोच अर्धवट शिकलेल्याला आत टाकू शकतो. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी घ्या, स्नायू हळूहळू दुबळे करत नेणारा आनुवंशिक आजार. पोटऱ्या फुगलेल्या, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकत टेकत उभी राहणारी मुलं. दोष एक्स गुणसूत्रावर, त्यामुळे त्रास बहुतेक मुलग्यांना. अशा घरात पुढच्या गरोदरपणात तपासणी करणं कायद्याला मान्य आहे. रिपोर्ट आला, गर्भ बाधित नाही. बाईचा चेहरा खुलतो आणि ती विचारते, "मुलगी आहे ना मग?" इथे मान हलवलीत तरी गुन्हा. शब्दाने, खुणेने, कशानेही लिंग सांगायचं नाही, कलम 5. पहिल्या गुन्ह्यालाच तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तो प्रश्न येणार हे आधीच ओळखून बोलणं कसं वळवायचं, हे शिकायला मला वरिष्ठांच्या शेजारी कित्येक महिने गप्प बसावं लागलं.

सॉफ्टवेअर वाचतं, हे मात्र मान्य. माझ्यापेक्षा भराभर वाचतं. पण विदर्भातल्या ओपीडीत रोज काय घडतं ते ऐका. नवराबायको दोघं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे स्वतः आजारी नाहीत पण दोष मुलांना देऊ शकतात. पहिलं मूल एसएस, म्हणजे दोघांकडूनही दोष आलेलं, आजारी. रिपोर्टवर लिहिलंय 25 टक्के. सोबतची सासू हिशोब करते: "चारात एक ना? ते होऊन गेलं. आता पुढची तिन्ही चांगली." मी पर्समधून दोन नाणी काढते, सुनेला आणि तिच्या नवऱ्याला एकेक देते, उडवायला लावते. छाप-छाप म्हणजे एसएस. पुन्हा उडवा. पुन्हा. नाण्याला मागचं आठवत नाही, हे सासूला तिसऱ्या वेळी कळतं. मग खोली शांत होते आणि सून टेबलाकडे बघत विचारते, "म्हणजे माझ्याकडूनच आलं का?"

ही कला नाही, अभ्यासक्रमाचा भाग आहे. वंशावळ काढताना मामाची मुलगी केलीय का हे न ओशाळवता कसं विचारायचं, रिपोर्टमध्ये जनुकातल्या एखाद्या बदलावर 'अर्थ अनिश्चित' असा शेरा आला तर त्याला दोष समजून कुणी गर्भ पाडायला निघू नये म्हणून काय सांगायचं, निर्णय आपला न लादता समोरच्याला कसा घेऊ द्यायचा. गर्भावस्था, लहान मुलं, कॅन्सर, प्रत्येक विभागात पाळी लावून हे करवून घेतात. दोन वर्षं त्यालाच लागतात, आणि तरी कमी पडतात.

एवढं कबूल करते की आपल्याकडे असे अभ्यासक्रम हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत, म्हणून मुलं या फॉरवर्डांकडे वळतात. नावापुढे जेनेटिक काउन्सेलर लावलं म्हणून दारात येऊन कुणी हटकतही नाही. छोटे कोर्स सरसकट टाकाऊही नाहीत. नर्सताई, लॅबमधली मंडळी यांना उपयोगी पडतात. पण त्यावर कुणी काउन्सेलर होत नाही.

भाचीने दोन हजार 'सीट बुकिंग'चे आधीच भरले होते. परत मिळणार नाहीत, असं तिथल्या मॅडमनी हसऱ्या इमोजीसकट कळवलंय. तिला म्हटलं, गेले ते जाऊ देत. मंगळवारी ओपीडीला ये. पेशंट हो म्हणाला तर कोपऱ्यात बस, मोबाइल बाहेर ठेव आणि वहीसुद्धा उघडू नकोस.