‘चार दिवस दुर्लक्ष केलं, उलट वाढलं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

ताई, नमस्कार.

‘दुर्लक्ष करा म्हणणं सोपं आहे. चार दिवस ओरडण्याकडं बघितलं नाही, तर पोरगा भिंतीवर डोकं आपटायला लागला. शेवटी मामानं दोन रट्टे दिले तेव्हा गप्प बसला,’ असं तुम्ही लिहिलंय. राग रास्त आहे. पण त्याच प्रतिक्रियेत तुम्ही जाता जाता आणखी दोन गोष्टी सांगितल्यात. हे सगळं संध्याकाळी स्वयंपाकाच्या वेळी होतं, आणि फार झालं की सासूबाई मोबाईल देतात. धागा तिथंच आहे.

दुर्लक्षाचा उपयोग मूल लक्ष वेधण्यासाठी जे करतं, त्यालाच होतो. बाकीची कारणं वेगळी असतात: वस्तू हवी असते, नकोशा गोष्टीतून सुटका हवी असते, किंवा शरीरालाच काही सोसत नसतं. तुमचा मुलगा सहा वर्षांचा, स्वमग्न (ऑटिझम असलेला) आणि न बोलणारा. त्याला कुकरची शिट्टी सहन होत नसेल, तर तुम्ही बघितलं नाही म्हणून शिट्टी काय थांबणार आहे?

म्हणून आधी आठवडाभर वहीत चार रकाने भरा: वेळ, लगेच आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर त्याला काय मिळालं. ‘चिडला’ असं लिहू नका. ‘दुसऱ्या शिट्टीला कान दाबले, किंचाळला, आजीनं मोबाईल दिला, थांबला’ असं लिहा. मग दोन-तीन संध्याकाळी कुकर लागताना त्याला गच्चीवर न्या. तिथं शांत राहिला, तर कारण आवाज असण्याची शक्यता मोठी. तिथंही मोबाईलसाठीच ओरडला, तर गाठ वेगळी आहे. बऱ्याच घरांत दोन्ही एकत्र असतात: सुरुवात आवाजानं होते आणि मोबाईलमुळं ती सवय पक्की होते.

सासूबाईंना दोष देऊ नका, पण एक गोष्ट त्यांना जरूर समजावून सांगा. कधी दिला, कधी नाही असं झालं की हट्ट जास्त चिवट होतो. दुर्लक्ष सुरू केल्यावर ओरडणं आधी बरेचदा वाढतं. त्या टोकाला पोचल्यावर मोबाईल हातात पडला, तर इतकं ओरडावं लागतं एवढंच तो शिकतो. मोबाईल द्यायचाच असेल तर कुकर लावायच्या आधी, तो शांत असताना, टायमर लावून द्या.

ओरडणं बंद करायचं तर त्याच्या जागी दुसरं काही शिकवावं लागतं. साधारण तीन इंच लांब-रुंद, जाड पुठ्ठ्याच्या कार्डावर गच्चीचा फोटो चिकटवा आणि स्वयंपाकघराच्या दाराला त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर वेल्क्रोनं लावा. तुम्ही समोर उभ्या राहा. घरातल्या दुसऱ्या कुणीतरी मागून, न बोलता, त्याचा हात धरून कार्ड तुमच्या हातात द्यायला लावायचं, तेही किंचाळी फुटायच्या आधी. कार्ड हातात आलं की दोन-तीन सेकंदांत त्याला बाहेर न्या. इथंच बहुतेकांचं बिघडतं. ‘थांब, एवढी भाजी टाकते’ म्हटलं की त्या कार्डाला किंमत उरत नाही. जमू लागलं की मागचा आधार हळूहळू काढा: आधी मनगटाला, मग कोपराला नुसता स्पर्श, मग काहीच नाही. वाट बघायला शिकवणं त्यानंतर.

डोकं आपटण्याकडं मात्र कधीच दुर्लक्ष करायचं नाही. फार न बोलता डोकं आणि भिंत यांच्यामध्ये उशी किंवा घडी घातलेली वाकळ धरा. हे नव्यानं सुरू झालंय, म्हणून कान, दात आणि बद्धकोष्ठता डॉक्टरांकडून तपासून घ्या. न बोलणारी मुलं दुखणं असंही सांगतात. आपटल्यानंतर उलटी, गुंगी किंवा झटका आला तर थेट सीपीआर (कोल्हापूरचं छत्रपती प्रमिलाराजे सरकारी रुग्णालय) किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

रट्ट्यांनी तो गप्प बसला, पण शिट्टी लागल्यावर करायचं काय हे त्याला अजून कळलेलं नाही. शाळेत तर शारीरिक शिक्षेला 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17 नं बंदी आहे.

महाद्वार रोडच्या विसर्जन मिरवणुकीला न्यावं का, असंही तुम्ही विचारलंय. यंदा नको. कान झाकणारे इअरमफ आणलेत तर आधी घरात, आवडीचं खेळणं हातात असताना, एक-दोन मिनिटं घालून बघा. रोज थोडं वाढवा. पंधरा मिनिटं स्वतःहून ठेवायला लागला की मग कुकरच्या वेळी घाला.