अट कापून भाषण फिरवू नका

आज दुपारी नागपूरला बर्डीवर मोर्चामुळे रस्ता बंद झाला आणि थोड्याच वेळात आमच्या कॉलनीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आलं. सत्याग्रह म्हणजे 'अराजकाचं व्याकरण', हे खुद्द बाबासाहेबांनीच सांगितलंय म्हणे. खाली धडाधड अंगठे. दीक्षाभूमी ज्या गावात आहे, त्या गावात!

हो, म्हणाले होते. 25 नोव्हेंबर 1949, संविधान सभा. नाकारत नाही. पण घटनात्मक मार्ग खुले असतील तर, ही अट त्यांनी तिथेच घातली होती. ते मार्ग बंद होते तेव्हा आंदोलनाला आधार होता, हेही तिथेच सांगितलं. अट कापायची आणि निकाल तेवढा फिरवायचा?

माझी आई अंगणवाडी सेविका होती. मानधन थकलं की आधी अर्ज लिहायची, कार्यालयात जाऊन पोच घ्यायची, शिक्का पुसट उमटला तर पुन्हा मारायला लावायची. उत्तर आलंच नाही की मग डिसेंबरात, अधिवेशनाच्या वेळी, यशवंत स्टेडियमच्या मांडवात बसायची. पोचांची फाइल मांडीवर. हिला अराजक म्हणता?

बाबासाहेब 1949 मध्ये एकदम बदलले असंही नाही. मार्च 1927 मध्ये महाडला चवदार तळ्याचं पाणी प्यायले. डिसेंबरात हजारो माणसं पुन्हा तळ्यावर जायला तयार असताना, कोर्टाची तात्पुरती मनाई होती म्हणून त्यांनी लोकांना थांबवलं आणि खटला लढवला. हायकोर्टाचा निकाल आला 1937 ला. दहा वर्षं! काळाराम मंदिराचा सत्याग्रह 1930 ला सुरू केला आणि 1934 मध्ये नाशिकच्या आपल्या सहकाऱ्याला, दादासाहेब गायकवाडांना कळवलं की हा सत्याग्रह आता पुरे, शक्ती शिक्षणात आणि राजकारणात लावा. कुठला दरवाजा उघडतो, कुठला नाही, हे अनुभवातून बघत गेले. 1949 नंतरही बघत राहिले. हिंदू स्त्रियांना वारसा आणि घटस्फोटाचे हक्क देणारं हिंदू कोड बिल अडवलं गेलं तेव्हा 1951 मध्ये मंत्रिपद सोडलं. 1953 मध्ये राज्यसभेत तर म्हणाले, ही घटना जाळायला पहिला मी असेन. अर्थात हेही एकटं वाक्य काढून फिरवलं तर तितकंच खोटं.

इतकं चिडून लिहायचं नव्हतं. ज्या काकांनी ते टाकलं त्यांची मुलगी आज त्या गर्दीत अडकली होती, त्यांचा त्रास खरा आहे. अँब्युलन्सला वाट सोडलीच पाहिजे, त्यात वाद नाही. पण काका, आईच्या अर्जांना एकदाही उत्तर आलं नाही. आलं ते मांडवात बसल्यावर. घटनात्मक मार्ग कागदावर खुला होता, खिडकी मात्र बंद होती. अशा वेळी त्या बायांनी काय करायचं, हे तुम्हीच सांगा ना!

आणि त्याच भाषणात पुढे काय आहे ठाऊक आहे? 26 जानेवारी 1950 ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकतोय, राजकारणात समता आणि समाजात, पैशात विषमता. ही विसंगती लवकर मिटवली नाही तर विषमतेचे चटके सोसणारे लोक ही लोकशाहीची इमारतच उडवून देतील. हा इशारा मोर्चेकऱ्यांना नव्हता, सत्तेवर बसणाऱ्यांना होता. तो भाग आज रात्री मी ग्रुपवर टाकतेय, पूर्ण. काकांनी वाचावा आणि मला उत्तर द्यावं.