हर्पिसचा रिपोर्ट आणि घरातलं कोर्ट

'उपवर मुलामुलींच्या आईवडिलांनी जरूर वाचा' अशा मथळ्याचं एक फॉरवर्ड गेल्या महिन्यात माझ्याकडे तीन वाटांनी आलं. एकदा सोसायटीच्या ग्रुपवर, एकदा माहेरच्या आणि एकदा भिशीच्या. मजकूर थोडक्यात असा: हर्पिस म्हणजे आपली नागीणच, फक्त नको त्या जागी. झाला की द्राक्षाच्या घोसासारखे फोड येतातच. बाहेरख्याली माणसालाच होतो. म्हणून पत्रिका जुळली तरी दोघांची रक्ताची 'टॉर्च' करा आणि पॉझिटिव्ह आली तर स्थळ मोडा. ज्याला झालाय त्याने लग्न आणि मूलबाळ विसरावं, घरच्यांनी त्याचा टॉवेल आणि संडास वेगळा करावा. आणि शेवटी, घाबरू नका, आमच्या काढ्याने २१ दिवसांत मुळापासून जातो. खाली मोबाइल नंबर.

मी डॉक्टर नाही. लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा, डीएमएलटी, करून सतरा वर्षं पुण्यातल्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये आहे. रक्त काढते, स्वॅब घेते, सँपल मशीनवर लावते आणि रिपोर्ट न्यायला आलेल्यांचे चेहरे बघते. हर्पिसच्या रिपोर्टइतका चुकीचा वाचला जाणारा कागद आमच्या काउंटरवरून दुसरा जात नसेल. म्हणून सुरुवात रक्तापासूनच करते, माझं पोटही त्यावरच आहे.

'लग्नाआधी टॉर्च करा, सगळं बाहेर येतं.'

काही बाहेर येत नाही. टॉर्च म्हणजे टॉक्सोप्लाझ्मा, रुबेला, सायटोमेगॅलो, हर्पिस आणि आणखी काही, असे आईकडून बाळाला जाऊ शकणारे संसर्ग एका पाकिटात बांधलेले. स्थळं तपासण्यासाठी ही चाचणी कोणी केलेली नाही. ज्यांचे गर्भ वारंवार पडतात त्यांनाही ती सरसकट करणं सोडून द्या, असं ब्रिटनमधल्या प्रसूतितज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने २०११ मध्येच सांगितलं. आपल्याकडे अजून चिठ्ठीवर येते, आणि चिठ्ठीवर आली की आम्ही लावतो.

आता त्यातली हर्पिसची ओळ. हर्पिस सिम्प्लेक्सचे दोन प्रकार आहेत. प्रकार १ बहुतेक वेळा तोंडाचा. ताप ओठावर फुटला असं आपण म्हणतो, तो हा. प्रकार २ मुख्यतः जननेंद्रियांचा. टॉर्चमध्ये पुष्कळदा दोन्ही एकत्रच मोजलेले असतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात ५० वर्षांखालच्या सुमारे ३८० कोटी लोकांमध्ये प्रकार १ आहे, म्हणजे तिघांतल्या जवळजवळ दोघांत. बहुतेकांना तो लहानपणीच मिळतो, आजी नाही तर मावशीने घेतलेल्या पापीतून. संसर्ग होऊन गेल्यावर रक्तात राहणाऱ्या अँटिबॉडी म्हणजे आयजीजी. तेव्हा टॉर्चमधलं 'हर्पिस आयजीजी पॉझिटिव्ह' हा बऱ्याचदा मावशीच्या मायेचा पुरावा असतो. आणि त्यावर साखरपुडे अडतात!

मग कोणी तरी हुशार माणूस सांगतो, 'आयजीएम बघा, ते ताज्या संसर्गाचं.' डेंगीला, काविळीला हा हिशेब चालतो. हर्पिसला चालत नाही. जुना संसर्ग पुन्हा उसळला तरी आयजीएम वर येऊ शकतं, शिवाय प्रकार एक की दोन हेही ते धड सांगत नाही. अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था, सीडीसी, या कामासाठी ते वापरूच नका म्हणते.

राहिली प्रकार २ ची वेगळी आयजीजी चाचणी. ही त्यातल्या त्यात बरी, पण तिचा आकडा वाचायला यायला हवा. नेहमीच्या किटमध्ये हा आकडा, म्हणजे इंडेक्स, १.१ च्या वर गेला की मशीन पॉझिटिव्ह छापतं. १.१ ते ३ च्या मधले पुष्कळ पॉझिटिव्ह खोटे निघतात. सीडीसीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की ३.० च्या खालचा आकडा दुसऱ्या पद्धतीच्या चाचणीने पडताळल्याशिवाय धरू नये. आमच्या कागदावर मात्र १.३ असो की १३, 'पॉझिटिव्ह' तेवढ्याच ठळक अक्षरात येतं. शेजारी इंडेक्स बारीक छापलेला असतो, तो कोणी वाचत नाही.

एक मुलगी आठवते. साखरपुडा झालेला, कार्यालयाचा ॲडव्हान्स दिलेला. सासरकडच्यांनी 'सगळ्या टेस्ट' करायला सांगितल्या होत्या. आकडा आला १.४. तिची आई काउंटरवर हात टेकून मला विचारत होती, 'ताई, हिने काय केलं असेल?' मी रिपोर्ट समजावत नाही, तसा नियमच आहे. पण त्या दिवशी नियम मोडून म्हटलं, काही केलेलं नसेल, आधी हे दुसऱ्या पद्धतीने करून घ्या. डॉक्टरांनी करवून घेतलं. निगेटिव्ह. मधले अकरा दिवस त्या घरात काय झालं असेल ते मला माहीत नाही आणि विचारायची हिंमतही झाली नाही.

निगेटिव्हवरही उड्या मारू नयेत. संसर्गानंतर अँटिबॉडी दिसण्याइतक्या तयार व्हायला बारा आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. म्हणूनच, लक्षणं नसलेल्या माणसाची हर्पिससाठी सरसकट रक्ततपासणी करू नये, अशी शिफारस अमेरिकेच्या प्रतिबंधक आरोग्यसेवेच्या तज्ज्ञगटाने २०१६ मध्ये केली आणि २०२३ मध्ये पुन्हा तीच कायम ठेवली.

खरी चाचणी कधी? अंगावर फोड किंवा जखम असताना. ती ताजी हवी, पहिल्या दोन दिवसांतली, खपली धरायच्या आत. तिच्या बुडाशी स्वॅब फिरवायचा आणि पीसीआरला पाठवायचा. कोविडमध्ये नाकात घातलेली काडी आठवा, जात तीच. त्यात विषाणू आहे की नाही आणि प्रकार कोणता, दोन्ही कळतं. काही ठिकाणी फोडाच्या तळाची खरवड काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्याला झँक स्मिअर म्हणतात. स्वस्त आणि झटपट, पण त्यात हर्पिस आणि कांजिण्यांचा विषाणू वेगळे ओळखू येत नाहीत. जखम वाळत आलेली असताना घेतलेला स्वॅब निगेटिव्ह आला तर त्यावर विसंबू नये.

'द्राक्षाच्या घोसासारखे फोड येतातच.'

आले तर उत्तम, निदान तरी होईल. पहिल्या वेळी खरंच जोरात येऊ शकतं. संसर्गानंतर दोन ते बारा दिवसांत ताप, जांघेत गाठी, लघवीला आग, फोड फुटून जखमा, आणि सगळं भरून यायला दोन ते चार आठवडे. पण कित्येकांना यातलं काहीच होत नाही, किंवा इतकं बारीक होतं की लक्षातच येत नाही. कातडीला एक चीर, एखादा लाल ठिपका, चार दिवस खाज. पावसाळ्यात जांघेत खाज म्हणजे गजकर्ण हे आपलं ठरलेलं निदान. मेडिकलमधून स्टिरॉइड घातलेली ट्यूब आणायची आणि चोळायची.

बायकांचं आणखी वेगळं. लघवीला आग होते म्हणून युरिन कल्चर येतं आणि दोन दिवसांनी आम्ही रिपोर्ट देतो, 'नो ग्रोथ'. महिन्या-दोन महिन्यांनी तीच बाई, तीच तक्रार, तोच रिपोर्ट. लघवीत जंतू नसतातच, आग बाहेरच्या चिरेवर लघवी लागल्याची असते. सलग 'नो ग्रोथ' आलेल्या बाईला एकदा नीट तपासून बघावं, असं मला प्रत्येक वेळी वाटतं.

ओळखायची एक खूण मात्र धरून ठेवण्यासारखी आहे. पुन्हा पुन्हा, साधारण त्याच भागात येणं, आणि येण्याआधी एक-दोन दिवस तिथे मुंग्या, झणझण, कधी मांडीत किंवा ढुंगणात कळ. विषाणू मणक्याच्या खालच्या टोकाजवळच्या मज्जागाठीत दडून बसतो आणि नसेवरून खाली उतरतो, म्हणून ही कळ. पुढच्या खेपा पहिलीपेक्षा लहान असतात आणि वर्षांगणिक सहसा विरळ होत जातात. जननेंद्रियावर प्रकार १ असेल तर तो प्रकार २ पेक्षा पुष्कळच कमी वेळा उलटतो. 'पुन्हा किती वेळा होईल?' याचं उत्तर प्रकारावर ठरतं, म्हणून प्रकार विचारून घ्यावा.

'बाहेरख्याली माणसालाच होतो.'

या वाक्याने जितकी घरं हलली तितकी विषाणूने हलली नसतील. वीस वर्षांच्या संसारानंतर बायकोला पहिल्यांदा फोड आले, तर नवऱ्याचा मोबाइल तपासायला घेतात. पण संसर्ग आणि पहिला फोड यांत वर्षांचं अंतर असू शकतं. दोघांपैकी एकाकडे तो लग्नाआधीपासून असेल आणि त्याला स्वतःलाच पत्ता नसेल. फोड नसतानाही विषाणू अधूनमधून कातडीवर उतरतो, आणि बहुतेक वेळा दुसऱ्याला तो तसाच, नकळत मिळतो. ज्याच्या ओठावर लहानपणापासून ताप फुटतो त्याच्याकडून मुखमैथुनातून प्रकार १ खालीही जातो. त्यासाठी तिसऱ्या माणसाची गरज नाही.

रिपोर्टवर एकच तारीख असते, रक्त काढल्याची. संसर्ग कधी झाला, कोणाकडून झाला, याची तारीख आणि नाव छापणारं मशीन अजून आलेलं नाही. आकडा मोठा म्हणजे संसर्ग जुना, असंही नसतं. तरीही तो कागद घरी आरोपपत्रासारखा वाचला जातो.

'हर्पिस म्हणजे नागीण.'

इथे फॉरवर्डवाल्याची थोडी कीव येते, कारण घोळ डॉक्टरांच्या शब्दाचा आहे. नागीण म्हणजे हर्पिस झोस्टर. डॉक्टर घाईत 'हर्पिस आहे' म्हणतात आणि नातेवाईक इंटरनेटवर भलतंच वाचतात. पंचाहत्तरीच्या आजोबांना कमरेवर नागीण झाली म्हणून सून त्यांच्याकडे वेगळ्याच नजरेने बघायला लागल्याचं मी ऐकलेलं आहे. झोस्टरचा विषाणू कांजिण्यांचा. लहानपणी कांजिण्या येऊन गेल्या की तो नसांत राहतो आणि वय झालं, प्रतिकारशक्ती खाली आली की एका बाजूला पट्ट्यासारखा उठतो. घराणं एक, विषाणू वेगळे. (आणि नागिणीचं तोंड शेपटीला मिळालं की माणूस जातो हेही खोटं. ती एका बाजूच्या नसेवरून चालते, विळखा पूर्ण करण्याइतकी सहसा जातच नाही.)

'टॉवेल, संडास वेगळा करा.'

हा विषाणू कातडीला कातडी लागून पसरतो. कमोडवर, नळावर, पोहण्याच्या तलावात तो तग धरत नाही. टिळक तलावाच्या बॅचमधून मुलाचं नाव काढायचं कारण नाही.

'लग्न, मूलबाळ विसरा.'

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५२ कोटी लोकांत प्रकार २ आहे. ते सगळे ब्रह्मचारी नाहीत. फोड किंवा मुंग्या असतील ते दिवस संबंध टाळायचे, एरवी कंडोम. तो झाकतो तेवढ्याच कातडीचं रक्षण करतो, म्हणून धोका कमी होतो, संपत नाही. शिवाय व्हॅलासायक्लोव्हिर ही विषाणूला दाबून ठेवणारी गोळी रोज घेण्याचा मार्ग आहे. एकाला प्रकार २ आणि दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांच्या २००४ मधल्या अभ्यासात रोजच्या गोळीने जोडीदाराला लागण होण्याचं प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आलं. सांगायचं कधी, हा प्रश्न लोक मला काउंटरवर हळूच विचारतात. माझं मत असं की पहिल्या भेटीत नको, पण अंगाला अंग लागण्याआधी हवं. आणि 'माझ्या ओठावर ताप फुटतो' हे जितक्या सरळ सांगतो तितक्या सरळ.

बाळाचा धोका खरा आहे, पण तो कुठे आहे ते उलटं समजलं जातं. जिला आधीपासून हर्पिस आहे तिच्या अंगात अँटिबॉडी असतात, त्या बाळालाही मिळतात, आणि तिच्याकडून बाळाला लागण होण्याचं प्रमाण १ टक्क्याहून कमी. बाळंतपण जवळ आलेलं असताना पहिल्यांदा संसर्ग झाला तर मात्र ते ३० ते ५० टक्क्यांवर जातं आणि बाळाच्या जिवावर बेततं. म्हणून शेवटच्या तीन महिन्यांत, नवऱ्याला हर्पिस असेल आणि बायकोला नसेल, तर संबंध टाळायचे. आधीपासून असलेल्या बाईला ३६ व्या आठवड्यापासून त्याच जातीचं असायक्लोव्हिर देतात, आणि कळा सुरू होताना जखम किंवा मुंग्या असतील तरच सिझेरियन. डॉक्टरांपासून हे लपवू नका एवढंच त्यातलं पथ्य.

'२१ दिवसांत मुळापासून.'

मूळ मज्जागाठीत आहे. तिथून विषाणू उपटणारं औषध आजपर्यंत कुठल्याच पॅथीत नाही. मग २१ दिवसांत बरं वाटतं ते? वाटणारच. खेप एरवीही आपोआप भरून येते, काढा न घेता. गुप्तरोग बरे करण्याच्या जाहिरातींवर आपल्याकडे १९५४ पासून कायद्याने बंदी आहे, तेव्हा त्या नंबरवर फोन करण्याऐवजी तक्रार करता येईल.

असायक्लोव्हिर साधं, जुनं औषध. ते घडवणाऱ्या प्रयोगशाळेतल्या गर्ट्रूड एलियन यांना १९८८ मध्ये नोबेल मिळालं. ते खेप लहान करतं आणि रोज घेतलं तर खेपा बऱ्याच कमी करतं. सरकारी रुग्णालयांतल्या सुरक्षा क्लिनिकमध्ये या जखमांसाठी लाल रंगाचं पाच नंबरचं किट फुकट मिळतं, त्यात हेच असतं. तिथेच सिफिलिसची (व्हीडीआरएल) आणि एचआयव्हीची तपासणीही करून घ्यावी. भीती घालायला नाही सांगत. हर्पिसची नुकतीच लागण झालेल्यांना एचआयव्हीचा धोका वाढतो हे दाखवणारा एक मोठा अभ्यास आपल्या पुण्यातल्याच गुप्तरोग दवाखान्यांत झाला, २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात भोसरीची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था होती.

यातलं निम्मं मी भिशीच्या ग्रुपवर लिहिलं. वर अंगठे आले, एक 'छान माहिती' आली, मग कोणी तरी उकडीच्या मोदकांचा फोटो टाकला. रात्री साडेअकराला ग्रुपमधल्याच एकीचा वेगळा मेसेज आला, 'ताई, आज सकाळी आलाय. उद्या रविवार आहे, लॅब उघडी असते का?'

'दुपारी एकपर्यंत असते. डॉक्टरांची चिठ्ठी मिळाली तर आण, नाही तर तशीच ये, आमच्या मॅडम असतात. अंघोळ कर, पण त्यावर मलम लावू नकोस.'