तोळामासा सायकल

तुमची सायकल जड आहे. किती जड, हा प्रश्न नंतरचा. परवाच्या चढावर शेवटच्या वळणाला तुमचा श्वास फुलला होता, मागून दोघे जण गप्पा मारत आले आणि गप्पा मारतच पुढे निघून गेले. तुम्ही एक पाय खाली टेकवून बुटाचा पट्टा घट्ट करायचं नाटक केलंत. का झालं असं? झोप कमी पडली? तीन आठवडे सायकल भिंतीला टेकून होती? छे, असले विचार मनातही आणू नका. तुमच्या बॉटल केजचे, म्हणजे फ्रेमवरच्या बाटलीच्या पिंजऱ्यांचे, चारही स्क्रू पोलादी आहेत, हे खरं कारण.

तेव्हा सुरुवात काट्यापासून करा. घरातली मंडळी झोपली की स्वयंपाकघरातला डिजिटल काटा हळूच बाहेर काढा. मी काढला होता. एक पोलादी स्क्रू ठेवला, तीन ग्रॅम. टायटेनियमचा ठेवला, दोन ग्रॅम. पण हा काटा ग्रॅमच्या खाली बघतच नाही, मग ते दोन म्हणजे दीड की जवळजवळ अडीच? चारही स्क्रू एकत्र ठेवून बघितले. घरंगळायला लागले म्हणून डब्याच्या झाकणात ठेवले आणि झाकणाचं वजन वजा केलं. वाऱ्याने आकडा हलतोय असं वाटलं म्हणून पंखा बंद केला. घामाघूम होऊन रात्री बाराला निकाल लागला: बारा ग्रॅमचे सात झाले, पाच ग्रॅम वाचले. पाच ग्रॅम म्हणजे चमचाभर पाणी. त्याच केजमधल्या बाटलीत ते दीडशे चमचे मावतं, पण आपण बाटलीबद्दल बोलत नाही आहोत.

हो, सायकल मोजताना पेडल काढून मोजायची. कंपन्याही बहुतेक वेळा तशीच मोजतात. बाटल्या, पंप, लाइट, सॅडलखालची पिशवी हे सायकलचे भाग नव्हेत, तिचे नातेवाईक आहेत. त्यांची जबाबदारी तिच्यावर टाकू नका. पंप सोबतच्या मित्राच्या खिशात द्या, जादा ट्यूब दुसऱ्याकडे, आणि पाणी वर पोचल्यावर कोणाचं तरी प्या. एवढ्याने सायकल किलोभर सहज उतरते आणि मित्रांची संख्याही आटोपशीर राहते.

आता चाकं. ‘चाकावरचा एक ग्रॅम म्हणजे फ्रेमवरचे दोन ग्रॅम’ हे वाक्य पाठ करून ठेवा, व्हीलसेटचं बिल घरी दाखवताना उपयोगी पडतं. ते खोटंही नाही. रिमजवळच्या वजनाला पुढे जायचं असतं आणि गोल फिरायचंही असतं, त्यामुळे वेग वाढवताना ते जवळपास दुप्पट भरतं. एकदा वेग धरला की हा हिशेब संपतो, आणि संथ लयीत चढताना ग्रॅम तो ग्रॅमच, मग तो कुठेही असो. पण हे कोणी विचारल्याशिवाय सांगू नये.

टायर कागदासारखे पातळ घ्या. पंक्चर जास्त होतील. होऊ देत. कडेला बसून पंक्चर काढत असता तोवर तुम्हाला सायकलचं वजन अजिबात जाणवत नाही.

ट्यूबला मात्र इतक्यात हात लावू नका. साधी ब्यूटिल रबराची ट्यूब शंभरेक ग्रॅमची असते, नवी टीपीयू नावाच्या पातळ प्लास्टिकची पस्तीस-चाळीस ग्रॅमची. दोन्ही चाकं मिळून सव्वाशे ग्रॅमच्या आसपास वाचतात, तेही अगदी किरकोळ खर्चात. नेमकी हीच अडचण आहे. इतक्या स्वस्तात वाचलेल्या ग्रॅमना चारचौघांत वजन नसतं. ट्यूब शेवटी ठेवा. का, ते पुढे येईलच.

सॅडल कार्बनची घ्या, गादीबिदी नसलेली. अडीचशे ग्रॅमची शंभरावर येते. ती बसायला चांगली नसते, पण हातात घेऊन लोकांना दाखवायला उत्तम.

सीटपोस्ट, म्हणजे सॅडलखालची नळी, तीही कार्बनची. इथे एक आतली गोष्ट सांगतो. कार्बनला ग्रीस लावत नाहीत, दाणेदार पेस्ट लावतात, म्हणजे पकड बसते. मी ग्रीस लावलं, तेही मन लावून, सगळीकडून. सीटपोस्ट दर किलोमीटरला थोडी थोडी आत जात राहिली. घरी पोचलो तेव्हा गुडघे हनुवटीपाशी आले होते आणि दुरून बघणाऱ्याला मी पोराची सायकल पळवून आणलीय असं वाटलं असतं. मग रागाने क्लँपचा बोल्ट आवळला. त्यावर ‘५ एनएम’ असं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, म्हणजे पाच न्यूटन-मीटरपेक्षा जास्त आवळू नका, पण तो जोर मोजून आवळणारा टॉर्क रेंच मी घेतला नव्हता, कारण त्याने सायकलचा एक ग्रॅमही कमी होत नाही. बारीक ‘टक्’ झालं. धातू वाकून, कुरकुरून आधी काहीतरी सांगतो. कार्बन एकदम सांगतो.

कोणी नाक मुरडलं तर इतिहास काढा. १९७२ साली बेल्जियमचा सायकलपटू एडी मर्क्स याने मेक्सिको सिटीत तासाभरात ४९.४३१ किलोमीटर काटून विक्रम केला. त्याची सायकल इटलीचा कारागीर एर्नेस्तो कोल्नागोने बनवली होती, पावणेसहा किलोच्या आसपास, हँडलबारला भोकं, चेनलाही भोकं. त्या दशकात ड्रिल घेऊन ब्रेकचे लिव्हर न् चेनरिंग चाळणी करत बसणारे गल्लोगल्ली निघाले. विक्रम सपाट ट्रॅकवरचा होता, झुंज वजनाशी कमी आणि हवेशी जास्त होती, आणि मेक्सिको सिटी निवडली ती तिथल्या विरळ हवेसाठी. पण हवेला भोक पाडता येत नाही, चेनला येतं.

२००० सालापासून यूसीआयच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या नियमानुसार शर्यतीतली सायकल ६.८ किलोपेक्षा हलकी चालत नाही. सायकली त्याहून हलक्या व्हायला लागल्या तेव्हा व्यावसायिक संघांचे मेकॅनिक फ्रेममध्ये वजनं घालून काटा भरून काढत. जगातले सर्वांत वेगवान लोक सायकल जड करून घेत होते म्हणून तुम्ही विचलित होऊ नका. तुमचा रविवार यूसीआयच्या अखत्यारीत येत नाही.

एक गणित मात्र चुकूनही करू नका. स्वार पंचाहत्तर किलो, सायकल नऊ, कपडे-बूट-पाणी तीन, एकूण सत्त्याऐंशी. यातून अर्धा किलो उतरवला, तर तासाभराच्या चढावर साधारण वीस सेकंद वाचतात. पट्टा घट्ट करायचं ते नाटक तुम्ही किती वेळ केलं होतं? सपाटीवर तिशीच्या वर वेग गेला की बहुतेक जोर हवा कापण्यातच जातो, तिथे हा अर्धा किलो पासंगालाही पुरत नाही.

सगळ्यांत मोठा धोका तर शेवटी आहे. माझा एक मित्र हे सगळं करून ६.४ किलोवर पोचला. बदलण्यासारखं काहीही उरलं नाही, व्हॉल्व्हच्या टोप्यासुद्धा काढून झाल्या. काढलेले जुने पार्ट पलंगाखाली खोक्यात आहेत, खोकं एकट्याने उचलत नाही. पुढच्या रविवारी तो नेहमीच्याच वळणावर, नेहमीइतकाच मागे पडला. वर पोचल्यावर सगळे त्याच्याकडे बघत होते आणि त्याला बोलायला काही नव्हतं. इतका हलका झालेला माणूस मी पाहिलेला नाही. आता तो पोहायला जातो.

म्हणून म्हणतो, एक तरी पार्ट जड राहू द्या. माझ्या सायकलला अजून ब्यूटिलच्याच ट्यूब आहेत, शंभर-शंभर ग्रॅमच्या. गेल्या रविवारी त्या गप्पिष्ट दोघांनी वर माझी वाट पाहिली. “काय हो, काय झालं?” एकाने विचारलं. मी उतरलो, वाकलो, मागचा टायर अंगठ्याने दाबून बघितला.

“ट्यूब,” म्हटलं.