रात्री अडीचची टिंग

टेलिफोनच्या जुन्या कॉपरच्या लाइनी काढून फायबर टाकणार म्हटल्यावर काल कट्ट्यावर हा विषय निघणारच होता. पक्या लगेच सुरू, "बरं झालं, रात्री अडीचला आपोआप टिंग वाजायची ती कटकट गेली. मी तेव्हापासून सांगतोय, आपले फोन टॅप होत होते!"

"तुझा फोन? ऐकणाऱ्याला झोप लागेल," सुन्या.

अण्णा टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झालेले. शांतपणे म्हणाले, "चोरून ऐकणारा बेल वाजवून येतो का रे?"

तिथेच संपायला हवं होतं, पण पक्याने त्यात सरकार, स्वतःचा मेव्हणा आणि जुनं एसटीडी बिल सगळं ओढलं. शेवटी अण्णांनीच नीट सांगितलं, की रात्री कॉल कमी, शिवाय पहाटेकडे ओल जास्त, त्यामुळे केबलचं दुखणं तेव्हाच उघडं पडतं. म्हणून एक्स्चेंजमधलं लाइनी तपासणारं मशीन रात्री एकेक नंबर घेतं, बिझी असला तर सोडतं, नाहीतर लाइनच्या दोन तारांमध्ये आणि प्रत्येक तार ते जमीन (अर्थिंग) असं व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजतं, म्हणजे करंट कुठे गळतोय का ते बघतं. चांगल्या लाइनचा रोध मेगाओममध्ये (दहा-दहा लाख ओम), जॉइंटमध्ये पाणी शिरलं की घसरून किलोओमवर (हजारांत). व्होल्टेज बदलताना बेलच्या सर्किटमधला कंडेन्सर चार्ज होतो आणि तेवढ्या झटक्याने बेल एकदा वाजते. डायलवाल्या फोनच्या बेलची स्प्रिंग नीट लावली की ते थांबायचं, स्वस्तातले इलेक्ट्रॉनिक फोन मात्र चिवचिवायचेच.

"म्हणून आमच्याकडे वाजला की पाठोपाठ शेजारी वाजायचा!" सुन्या ओरडला. लागोपाठचे नंबर ना दोघांचे! मला तर हा पुरावाच वाटला.

"मशीनला कळत होतं, तर पावसाळ्यात आमचा फोन आठवडा आठवडा डेड का?" पक्या.

"बिघडलेल्या लाइनींची लिस्ट सकाळी हातात यायची रे," अण्णा म्हणाले, "पण खड्डा मशीन खणत नाही. माणसं कमी, रस्ता खोदायला परवानगी नाही, आणि शिव्या लाइनमनला."

अण्णांचं शंभर टक्के बरोबर आहे. तक्रार यायच्या आधी बिघाड शोधणारी व्यवस्था होती ती, एका टिंगच्या बदल्यात! आणि एक्स्चेंजच्या बॅटरीवरचे 48 व्होल्ट लाइनवर यायचे म्हणून लाइट गेली तरी फोन चालायचा, फायबरला घरी बॅकअप नसेल तर फोनही गेला.

"पण पक्या," सुन्या म्हणाला, "एक टिंग मशीनची. दोन रिंगा देऊन कट व्हायचा आणि तू गॅलरीत पळायचास, ते काय होतं? वहिनींना विचारू?"

"ते पण टेस्टिंगच होतं," पक्या म्हणाला, आणि अण्णांना असा ठसका लागला की चहावाल्याने पाणी आणलं.