सांगलीतले आमचे पहिले वर्ष

शहर सोडून जिल्ह्याच्या गावी स्थायिक झालेल्या कुटुंबाच्या पहिल्या वर्षावरील एक लेख वाचताना आमचे २०२१ साल डोळ्यांपुढे उभे राहिले. त्या जूनमध्ये आम्ही ठाण्याहून सांगलीला बिऱ्हाड हलवले आणि जुलैच्या अखेरीस कृष्णेला महापूर आला. आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट असते, हेही आम्हाला तोवर ठाऊक नव्हते. शेजारच्या काकूंनी मात्र २०१९ च्या पुराची भिंतीवर उरलेली मातकट रेघ दाखवून, अजून न सोडलेली खोकी माळ्यावर चढवायला लावली आणि आम्हा पाचही जणांची सांगलीतल्याच विश्रामबाग भागात आपल्या बहिणीकडे सोय केली. त्यांचे हे ऋण आम्ही कधीही विसरणार नाही.

लेखात मुलांच्या शाळेवर भर आहे. आमच्याकडे शाळा तेव्हा ऑनलाइनच होती, त्यामुळे ती अडचण फारशी जाणवली नाही. वृद्धांविषयी मात्र आणखी लिहायला हवे होते, असे मनापासून वाटते. सासूबाई कित्येक महिने अबोल होत्या. हिवाळ्यात त्यांना नरसोबाच्या वाडीला नेले, तेव्हा कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर त्या घाटाच्या पायरीवर बराच वेळ बसल्या, ‘हीच ना आपल्या घरात आलेली?’ असे विचारून त्यांनी नदीची ओटी भरली, आणि तेव्हापासून दर पौर्णिमेला वाडीला जायचा त्यांचा नेम सुरू आहे.