डिमेन्शियाचा तो मेसेज पुढे पाठवू नका, प्लीज

सगळ्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: डिमेन्शिया म्हणजेच अल्झायमर, वय झालं की सगळ्यांना होतोच, सुरुवात विसरण्यानेच होते आणि औषध नाहीये तर टेस्टवर पैसे कशाला घालवायचे. चारही गोष्टी चूक आहेत, शेवटची तर घातक.

एक, डिमेन्शिया हा एकच आजार नाही, मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांमुळे स्मरणशक्ती, विचार, वागणं बिघडून रोजचे व्यवहार अवघड होतात, त्या अवस्थेचं ते नाव आहे. साधारण ६० ते ७० टक्के केसेस अल्झायमरच्या, बाकी व्हॅस्क्युलर (मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने होणारा), लेवी बॉडी, फ्रंटोटेम्पोरल असे प्रकार, आणि उतारवयात बऱ्याचदा दोन प्रकार एकत्र.

दोन, वय वाढलं की धोका वाढतो हे खरं, पण नव्वदीतही डोकं लख्ख असलेली माणसं असतातच की. आणि १९०६ मध्ये डॉ. अल्झायमरनी ज्या बाईंची केस मांडली त्या दवाखान्यात आल्या तेव्हा ५१ वर्षांच्या होत्या.

तीन, सुरुवात विसरण्यानेच होते? फ्रंटोटेम्पोरलमध्ये आधी स्वभाव नाहीतर बोलणं बदलतं, तेही बऱ्याचदा ४५ ते ६५ मध्येच, आणि घरचे म्हणतात हल्ली फार विचित्र वागतात. लेवी बॉडीचं तर अजूनच वेगळं, माणूस सांगतो कोपऱ्यात दोन मुलं बसलीयेत, त्यांच्या कपड्यांचे रंगसुद्धा सांगतो, सकाळी हिशोब नीट करतो आणि दुपारी त्यालाच शर्टाची बटणं लावता येत नाहीत, झोपेत हातपाय झाडतो, आणि स्मरणशक्ती सुरुवातीला बऱ्यापैकी शाबूत असू शकते. मग घरच्यांना वाटतं वेड लागलं. इथेच प्रकार कळणं का गरजेचं ते बघा, कारण भास थांबवायला हॅलोपेरिडॉलसारखं औषध दिलं तर लेवी बॉडीच्या पेशंटचं अंग लाकडासारखं कडक होऊ शकतं, जीवावरही बेतू शकतं.

चार, टेस्ट. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, डिप्रेशन, डोक्याला मार लागून साठलेलं रक्त, यांनीही डिमेन्शियासारखीच लक्षणं दिसतात आणि वेळेत सापडलं तर बरीच सुधारणा होते. व्हॅस्क्युलरमध्ये बीपी, शुगर सांभाळली तर पुढचे स्ट्रोक टाळायला मदत होते. अल्झायमर पूर्ण बरा होत नाही, मान्य, पण डोनेपेझिलसारख्या गोळ्यांनी काही जणांना काही काळ फरक पडतो, आणि बँकेचे, प्रॉपर्टीचे निर्णय तो माणूस स्वतः घेऊ शकतो तोवर घेता येतात, हे काय कमी आहे?

आणि हो, एक-दोन दिवसांतच अचानक गोंधळ उडाला, माणसं ओळखेनाशी झाली तर वयाला दोष देत घरी बसू नका, इन्फेक्शन किंवा स्ट्रोक असू शकतो, त्याच दिवशी हॉस्पिटलला न्या.